जुनी आठशे : सकाळी मिसिंग, गरम झाल्यावर थोडी बरी. नेमकं कुठे शोधावं?

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, कार्बोरेटरवाली, १९९५ची, एमएच-०८. वडिलांची गाडी, आता चिपळुणात मी रोज वापरतो. मधली काही वर्षं एलपीजी किट होतं, ते काढून टाकलंय. आता फक्त पेट्रोल.

त्रास असा. सकाळी चालू केली की तीनऐवजी दोनच सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते. आरसा, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, सगळं हलतं. सायलेन्सरचा आवाज एकसारखा नाही, मध्येच ‘फुस्’ करून खंड पडतो. चोक ओढून ठेवला तर बंद पडत नाही, एवढंच. थोडं अंतर गेलं की बरीच सुधारते, पण बहादूरशेख नाक्यावर थांबलो की आयडलला बारीक थरथर असतेच. रेस वाढवली की इंजिन गुळगुळीत. कुंभार्ली घाटात मात्र पूर्वीसारखी ओढत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ट्यूनिंग करून घेतलं होतं, त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि हे दुखणं लागलं. आतापर्यंत तिन्ही प्लग, एचटी वायरचा सेट, डेल्कोची (सिलिंडरना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, रोटर, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलून झाले. फरक काहीच नाही. आता गॅरेजवाले म्हणतात, कार्बोरेटर बदला, नाहीतर हेड (इंजिनचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) खोलून बघू. दोन्ही खर्चाची कामं आहेत. खोलण्याआधी दोष कुठे आहे हे घरच्या घरी कळू शकतं का?

सरळवाट

हे सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं आहे. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक जुन्या गाडीची हीच रड आहे. पंपावर आता साधं पेट्रोल मिळतच नाही. काही बदलू नका, पैसे वाया जातील.

पद्मिनी_८६

पावसाळ्यात सुरू झालं म्हणताय, म्हणजे ओल. कोकणातल्या हवेत डेल्कोच्या कॅपमध्ये आतून दव धरतं. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन आयडलला ठेवा आणि झाडांवर पाणी मारायच्या बाटलीने वायरांवर हलका फवारा मारा. करंट लीक होत असेल तर निळ्या ठिणग्या सरपटताना डोळ्यांना दिसतात. हात लांब ठेवा, पंख्याजवळ तर जाऊच नका.

माझ्याकडे फियाट पद्मिनी आहे. तिच्यात पॉइंट आणि कंडेन्सर हे दोन मुख्य संशयित. कंडेन्सर गेला की पॉइंट जळून काळे पडतात आणि ठिणगी निळी-पांढरी न पडता मरतुकडी पिवळी पडते. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर (शेवटची २००३च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओला नोंदली गेली, तिची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरात संपली) ते चालक डिकीत कंडेन्सर आणि पॉइंटचा जोड ठेवूनच फिरायचे. त्यांच्याकडून मी बरंच शिकलो. उन्हात गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, तेही त्यांचंच.

निशिगंध

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड शिकवते. दाभोळखाडी, तुमच्या वर्णनात कामाचं बरंच काही आहे. फक्त अजून काही बदलू नका. आधी एका प्रश्नाचं उत्तर हवंय : मिसिंग एकाच सिलिंडरचं आहे की तिन्हींचं?

या एका प्रश्नाने निम्मे संशयित सुटतात. बॅटरी, कॉइल, पॉइंट किंवा पिकअप, कंडेन्सर ही सगळी मंडळी रोटरच्या अलीकडची. ती बिघडली तर तिन्ही सिलिंडर आलटूनपालटून चुकतात. कॅपमधला एक खांब, एक वायर, एक प्लग हे रोटरच्या पलीकडचे, ते एकाच सिलिंडरला मारतात. कार्बोरेटर एकच आहे आणि तो तिघांना वाढतो, त्यामुळे जेट तुंबला तर शक्यतो तिघेही उपाशी राहतात. मॅनिफोल्डचं गॅस्केट एका बाजूला फुटलं तर त्या बाजूचा एकच सिलिंडर बिघडू शकतो. आणि व्हॉल्व्ह, रिंग हे तर ज्याचे त्यालाच.

सरळवाट, ई-२०चंही याच चाळणीतून बघू. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२०ला १३.५च्या आसपास पुरते. जुन्या कार्बोरेटरला हे कळायची सोय नाही, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि सकाळी थंड इंजिन कुरकुरतं. त्याशिवाय जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, चिरतात. हे सगळं खरं आहे. पण टाकीतलं पेट्रोल तिन्ही सिलिंडरना सारखंच जातं. एकच सिलिंडर मेला असेल तर त्याचा दोष पेट्रोलवर घालता येणार नाही.

तर परीक्षा अशी. सकाळी, गाडी थरथरत असतानाच करा. इंजिन आयडलला. जाड रबरी हातमोजा किंवा इन्सुलेटेड पक्कड घेऊन एका प्लगची टोपी काढा आणि लगेच ती इंजिनच्या लोखंडाला टेकलेल्या जादा प्लगवर बसवा. टोपी अधांतरी ठेवू नका, करंटला वाट मिळाली नाही की तो कॉइल किंवा इग्निटर फोडून जातो. इंजिन दचकलं, आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. मग टोपी परत बसवून पुढचा. पेसमेकर असलेल्या माणसाने हे करू नये.

जुना_मिस्त्री

मॅडमनी बरोबर सांगितलं. मी इचलकरंजीला गॅरेज चालवायचो, आता मुलगा बघतो. आठशेला तीनच सिलिंडर, त्यातला एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. म्हणून या गाडीत मिसिंग लगेच कळतं. चारवाल्या झेन, एस्टीममध्ये लोक महिनोन्‌महिने तसेच फिरतात.

अजून एक. ट्यूनिंग केलं तेव्हा नक्की काय काय केलं ते विचारून घ्या. गाडी चांगली चालत होती, मग कुणीतरी हात लावला, मग बिघडली, असं असेल तर मी पहिल्यांदा हात लावलेल्या जागीच बघतो. पाऊस त्याच सुमारास आला म्हणून पाऊसच गुन्हेगार असं नाही.

दाभोळखाडी

मंडळी, आज सकाळी केलं. एक नंबरची टोपी काढली, इंजिन बंदच पडायला आलं. दोन नंबरची काढली, तसंच. तीन नंबरची काढली, काही म्हणजे काही फरक नाही. तीन नंबर पूर्ण मेलेला.

मग प्लगांची अदलाबदल केली, तीनचा एकला आणि एकचा तीनला. दोष तीनलाच राहिला. तीनच्या वायरला जादा प्लग लावून पाहिला, ठिणगी निळी आणि कडक पडते. रात्री फवाराही मारून पाहिला, कुठेही ठिणगी सरपटली नाही. तीनचा प्लग काढला तर ओलसर आणि पेट्रोलचा वास.

गरम झाल्यावर तीच परीक्षा केली तर तीन नंबरची टोपी काढल्यावर थोडा फरक पडतो. म्हणजे गरम झाल्यावर तो अर्धवट काम करतो.

ट्यूनिंगमध्ये प्लग साफ, कार्बोरेटर साफ, टायमिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट लावणं). टॅपेटचा आवाज येत होता, तो आता अगदी बंद झालाय.

निशिगंध

फार छान केलंत. ठिणगी आहे, आणि प्लग पेट्रोलने ओला आहे म्हणजे पेट्रोलही पोचतंय. आग आणि इंधन दोन्ही असून सिलिंडर पेटत नाही, मग उरतं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाणं. कार्बोरेटर बदलायचा विचार आता बाजूला ठेवा.

हडसनकाठ

वाचतोय. मी न्यू जर्सीला असतो, माझी २००३ची कोरोला. इकडे १९९६पासूनच्या सगळ्या गाड्यांत ओबीडी-२ (दोष ओळखून कोड देणारी संगणक यंत्रणा) आहे, त्यामुळे मिसिंग झालं की कोड येतो. पी०३०० म्हणजे कुठलाही ठराविक सिलिंडर नाही, पी०३०१ म्हणजे एक नंबर, पी०३०२ म्हणजे दोन, याप्रमाणे. माझ्या गाडीला पी०३०२ आला. कोड वाचून इथले बरेचजण थेट कॉइल मागवतात. मी दोन नंबरची कॉइल तीनला लावली, कोड पुसला, गाडी चालवली. कोड पी०३०३ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. सरकला नसता तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

म्हणजे यंत्राने फक्त सिलिंडरचा नंबर सांगितला, कारण शोधायची रीत तुमच्या टोप्या काढण्याचीच. भारतात जुन्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाड्यांना हा कोड मिळतो का?

सांगलीचा_सँट्रो

@हडसनकाठ, सगळ्यांना नाही. आपल्याकडे ओबीडीची सक्ती बीएस-४ या प्रदूषण मानकाबरोबर २०१०पासून आली, तीही पहिल्या टप्प्यात साधी. दुसरा टप्पा २०१३चा. त्याआधीच्या कित्येक गाड्यांना बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जुळतच नाही, कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागतं. माझ्या सँट्रोला मी स्कॅनरशिवायच केलं. लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडाला. चालू इंजेक्टर टिकटिक करतो, मेलेला गप्प असतो. माझा टिकटिक करत होता पण आतून तुंबलेला होता, अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून घेतल्यावर सुधारला.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळते. तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

पद्मिनी_८६

@दाभोळखाडी, ओलीचा संशय मागे घेतो. फवाऱ्याला काही दिसलं नाही म्हणजे वायर, कॅप निर्दोष.

तुमच्याकडे पीयूसीची पावती आहे का? तीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) असे दोन आकडे असतात. लोक फक्त पास झालं का ते बघून पावती डिकीत टाकतात, पण ते फुकटचं निदान असतं. सीओ जास्त तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ ठीक आणि एचसी खूप वाढलेला, तर एखादा सिलिंडर पेटत नाहीये, कच्चं पेट्रोल तसंच बाहेर पडतंय. बीएस-२च्या आधीच्या चारचाकीला एचसीची मर्यादा १५०० पीपीएम, सीओची ३ टक्के.

दाभोळखाडी

पावती काढली. ट्यूनिंगच्या आधीची आहे, एचसी ३८०. परवा परत पीयूसी केंद्रावर नेऊन बघितलं तर नापास, एचसी १५००च्या वर गेलेला, सीओ १.१.

कॉम्प्रेशनही बघून घेतलं. गॅरेजमध्येच. इंजिन गरम करून, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. एक नंबर १६०, दोन नंबर १६०, तीन नंबर १४० पीएसआय. ते म्हणतात, तीन थोडा कमी आहे पण जुन्या इंजिनला चालतं, इंजिन ठणठणीत आहे, कार्बोरेटरच बदला. मला आता कळेनासं झालंय. कॉम्प्रेशन ठीक, ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, तरी सिलिंडर मेलेला?

निशिगंध

थांबा. दुखणं कधी आहे? सकाळी, थंड असताना. मोजलं कधी? गरम असताना. गरम झाल्यावर तुमचा तीन नंबर थोडाफार चालतो हे तुम्हीच लिहिलंय. मग गरम मोजमापात तो थोडाफार ठीकच दिसणार. पुस्तकातली रीत सरसकट इंजिनची प्रकृती बघण्यासाठी आहे. दोष शोधताना तो ज्या वेळी दिसतो त्याच वेळी मोजावं लागतं.

उद्या सकाळी, गाडी चालू न करता, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर मोजा. तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची बारीक वायर काढून ठेवलेली, बॅटरी भरलेली, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हे शेवटचं लोक विसरतात, थ्रॉटल बंद असेल तर आत हवाच येत नाही आणि सगळे आकडे खोटे पडतात. प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच झटके द्या.

तीन नंबर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंग झिजलेल्या, कारण ऑइलने फट भरली. चढला नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असते तर मी गॅस्केट म्हटलं असतं. तुमचा एकच कमी आहे.

जुना_मिस्त्री

मला टॅपेटचाच वास येतोय. आवाज ‘अगदी बंद झालाय’ हे वाचलं तेव्हाच कान टवकारले. आठशेचा टॅपेट थंड असताना थोडा टिकटिकला पाहिजे. एकदम गप्प झाला तर मला काळजी वाटते.

दाभोळखाडी, एवढं विचारा : टॅपेट सेट केले तेव्हा इंजिन गरम होतं का थंड?

दाभोळखाडी

मिस्त्रीकाका, ते मला चांगलं आठवतंय. गाडी चालवत नेली आणि लगेच कव्हर खोललं. हाताला चटका बसेल इतकं गरम होतं, पोराने फडक्याने धरून कव्हर उचललं. आवाज तीन नंबरच्या एक्झॉस्टचा होता, तो थांबेपर्यंत थोडा थोडा आवळला.

आणि आज सकाळचे थंड आकडे : एक नंबर १४५, दोन नंबर १४५, तीन नंबर ७०. ऑइल घालून परत मोजलं, ७५.

जुना_मिस्त्री

सापडला.

निशिगंध

हो, सापडला असंच म्हणेन. पण कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तुम्हीच सांगू शकाल.

या इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, व्हॉल्व्ह पोलादाचे. अॅल्युमिनियम गरम झालं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेड वर वाढतं, त्याबरोबर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा शाफ्टही वर जातो आणि व्हॉल्व्हच्या टोकापासून रॉकर दूर होतो. म्हणून या इंजिनात टॅपेटची फट गरम झाल्यावर वाढते. थंड इंजिनला ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, गरमला ०.२५च्या आसपास, असे दोन वेगळे आकडे असतात (तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच घ्या). गरम इंजिनवर थंड आकड्याची फिलर गेजची पट्टी (फट मोजायचं पातळ पातं) घालून सेट केलं तर थंड झाल्यावर त्यातली मोठी फट नाहीशी होते. आणि तीन नंबरच्या एक्झॉस्टला तर पट्टीही राहिली नाही, आवाज थांबेपर्यंत आवळला. थंड झाल्यावर तिथे फट शून्याच्याही खाली गेली, म्हणजे रॉकर व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून धरतोय. व्हॉल्व्ह सीटवर बसतच नाही. कॉम्प्रेशन सायलेन्सरवाटे निघून जातं, तेच तुमचं ‘फुस्’.

गरम झाल्यावर फट थोडी परत येते, व्हॉल्व्ह जेमतेम बसतो, म्हणून १४०. रेस वाढवली की इंजिन इतकं भरभर फिरतं की बारीक फटीतून गळायला वेळच मिळत नाही, म्हणून गुळगुळीत. घाटात जोर पडला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खूप तापतो, त्याची दांडी लांबते आणि परत बसेनासा होतो, म्हणून ओढ नाही. तुमची सगळी लक्षणं एका कारणात बसतात.

सरळवाट

पण मुळात आवाज का येत होता? काहीतरी झिजलं असणारच ना? परत फट वाढवली की आवाज परत.

जुना_मिस्त्री

चांगला प्रश्न. रॉकरच्या अॅडजस्टिंग स्क्रूचं टोक वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून खळग्यासारखं होतं. फिलर गेजची पट्टी सपाट असते, ती त्या खळग्यावरून आडवी जाते. पट्टी म्हणते ०.१५, खरी फट त्याहून जास्त. मग तो टॅपेट सेट करूनही वाजत राहतो, आणि आवाजाला कंटाळून माणूस आवळत जातो. इलाज आवळणं नाही. स्क्रू काढून टोक बोटाने चाचपून बघा. खळगा लागला तर स्क्रू नवा टाका, फार महाग नसतो. दांडीचं टोकही बघा.

आणि उशीर करू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकल्यावर हेडला देतो. टेकतच नसेल तर तापत जातो आणि शेवटी कडेला जळतो. मग हेड खोलण्यावाचून गत्यंतर नाही. एलपीजीवर चाललेल्या गाडीत तर जास्तच सांभाळायला हवं. पेट्रोलपेक्षा गॅस कोरडा जळतो, एक्झॉस्टच्या सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतात आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. किट असताना टॅपेट वरचेवर बघायला हवे होते, ते कुणी सांगत नाही.

पद्मिनी_८६

व्हॉल्व्ह जळलाय का हे हेड न खोलता बघायचं तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरून बघा. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकात अडॅप्टर लावायचा आणि हवा सोडायची. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हवेच्या दाबाने इंजिन फिरू शकतं, म्हणून पुलीवरचा पान्हा आधी काढून घ्या आणि हात पंख्यापासून लांब.

पण टॅपेट सैल करण्याआधी हे करून काही कळणार नाही, आत्ता तर तिथून हवा येणारच. आधी फट बरोबर करा.

दाभोळखाडी

गॅरेजला परत न नेता शेजारच्या डेपोत काम करणाऱ्या दादांना बोलावलं. फिलर गेज त्यांचंच. इंजिन रात्रभर थंड. हे कसं केलं ते सविस्तर लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

तिन्ही प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. टॅपेट कव्हर काढलं. डेल्कोची कॅप उघडून ठेवली आणि कुठल्या नंबरची वायर कॅपच्या कुठल्या खांबावर आहे त्याची खूण डेल्कोच्या अंगावर खडूने केली. क्रँक पुलीच्या बोल्टला पान्हा लावून, इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने फिरवत रोटरचं तोंड एक नंबरच्या खुणेवर आणलं. त्या वेळी एक नंबरचे दोन्ही रॉकर मोकळे असायला हवेत, हाताने थोडे हलतात. हलले. पट्टी घालून बघितली, ०.०८ची जेमतेम गेली. मग पुढे फिरवून तीन, मग दोन, कारण फायरिंग ऑर्डर १-३-२.

तीन नंबरच्या एक्झॉस्टचा रॉकर हाताने अजिबात हलला नाही. गेजमधली सगळ्यात पातळ पट्टी, ०.०४ची, तीही आत जाईना. लॉक नट सैल करून स्क्रू थोडा मागे घेतला तेव्हा रॉकर ‘टक्’ करून सुटला. स्क्रूच्या टोकाला मिस्त्रीकाका म्हणाले तसाच खळगा, नखाला लागतो. नवा स्क्रू बाजारात मिळाला, तो बसवला. सहाही टॅपेट मॅन्युअलच्या थंड आकड्याला लावले. लॉक नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून पेचकसाने धरून आवळला आणि परत पट्टी घालून बघितली.

मग थंड कॉम्प्रेशन : १४५, १४५, १३०.

गाडी चालू केली. चोक थोडासा, आणि तिन्ही सिलिंडर. आरसा स्थिर. तीन नंबरची टोपी काढली तर इंजिन बंद पडायला आलं, एक आणि दोनसारखंच.

निशिगंध

वा! १३० म्हणजे व्हॉल्व्हची कड थोडी भाजली असेल, सीटवर काजळी बसली असेल, किंवा एलपीजीच्या काळात सीट थोडी झिजली असेल. थोडं चालवल्यावर पुन्हा थंडच मोजा. १३० टिकला किंवा चढला तर हेडला हात लावू नका. उतरत गेला तर मात्र हेड काढून व्हॉल्व्ह आणि सीट घासून घ्यावी लागेल. टॅपेटची फटही तेव्हाच बघा, परत कमी झाली असेल तर सीट झिजतेय असं समजा.

हडसनकाठ

विलक्षण धागा. माझ्या कोरोलाच्या संगणकाला यातलं काही कळलं नसतं, तो फक्त पी०३०३ म्हणाला असता आणि इथे कुणीतरी मला कॉइल विकली असती.

सांगलीचा_सँट्रो

दाभोळखाडी, पीयूसी परत करून आकडा इथे टाका. आणि घाट?

दाभोळखाडी

पीयूसी केलं. एचसी ४१०, सीओ १.३. पास.

कुंभार्लीला कालच जाऊन आलो. दुसऱ्या गिअरला भरलेल्या गाडीने ओढली, मिसिंग नाही. पण घाटाच्या वरच्या टप्प्यात बराच वेळ जोर लावल्यावर एकदोनदा गाडी एकदम मवाळ झाली, पाय सैल केला की लगेच सावरली. हे आधीच्या थरथरीसारखं नाही, तिन्ही सिलिंडर एकदम कमी पडल्यासारखं वाटतं.

निशिगंध

तिन्ही एकदम, जोर लांबला की, आणि पाय सैल केल्यावर सावरते. हे पेट्रोल पुरेसं न पोचल्याचं लक्षण. आता सरळवाटांचा मुद्दा विचारात घ्यायला हरकत नाही. टाकीतला गंज आणि जुन्या पाइपाचा चुरा इथेनॉलने सुटून फिल्टरमध्ये येतो. नवा फिल्टर कापून उघडून बघा, आत तांबूस गाळ आहे का. टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर इथेनॉल चालणारे पाइप टाका. पंपाचा पडदाही बघा. पंप पेट्रोल देतोय का हे पाहायचं तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा, धार जोमदार यायला हवी. इंजिन थंड असताना, आणि कॉइलची वायर काढूनच करा, पेट्रोल आणि ठिणगी एकत्र नकोत.

सरळवाट

माझ्या अल्टोचे पाइप मी गेल्या वर्षी बदलले, काढलेले पाइप बोटाने चिमटले तर तुकडे पडले. हे करून घ्याच.

दाभोळखाडी

फिल्टर कापला. तळाला तांबूस पूड आहे. पाइप आणि फिल्टर या आठवड्यात बदलतो, टाकी काढून धुऊन घेतो. मॅडम, काका, सगळ्यांचे आभार. एक शेवटचा प्रश्न, टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल पाझरायला लागलंय, बोल्ट जास्त आवळू का?

जुना_मिस्त्री

अजिबात नको, कव्हर वाकेल आणि जास्तच गळेल. जुनं रबर उन्हाने कडक झालेलं असतं, एकदा उघडलं की परत नीट बसत नाही. नवं गॅस्केट टाका, हेडची कड पेट्रोलच्या फडक्याने कोरडी पुसून घ्या, बोल्टखालचे रबरी वॉशरही नवे घाला आणि हातानेच बेताचं आवळा.